डोंगराच्या पोटातलं राज्य

तोरणा आतून पोकळ आहे, असं मास्तरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी वेल्ह्याकडच्या त्या गावात जनजागृतीसाठी आलो होतो. नसरापुराला मोटार सोडून पुढं सगळं पायी. पाठीवर दीडशे पत्रकांचं गाठोडं, दोन्ही टाचांना फोड. वाद घालण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून म्हटलं, "असेल."

"असेल नाही, आहे," मास्तर म्हणाले. "आत राज्य आहे. सध्या तिथं गादीवरून तंटा चाललाय. तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी जनतेच्या बाजूचा," मी बाणेदारपणे उत्तर दिलं.

"म्हणजे तिसरा पक्ष." त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढली, लाल शाईनं नोंद केली आणि मला शाळेमागची खोली दाखवली.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि माझं काय करावं हे भोरमध्ये कोणालाच कळत नव्हतं. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. माझ्या हातातलं पत्रक दिसलं की ते पगडी सारखी करत दुसऱ्या गल्लीनं जात. मी वाचायलाच पत्रकांवर शिकलो. काका पुण्याहून ती कोटाच्या अस्तरातून आणायचा. इतर मुलं 'कमळ' आणि 'बदक' वाचत होती तेव्हा मला 'जुलूम' आणि 'धिक्कार' जोडाक्षरासकट येत होतं. त्याचा परिणाम असा झाला की मला साधं वाक्य बोलता येत नसे. आईकडं ताक मागतानाही शेवटी उद्गारचिन्ह यायचं. आमच्या चळवळीच्या मंडळानं मला खोऱ्यात पाठवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मी जातो आहे म्हणून होत्या, हे समजायला मला पुष्कळ दिवस लागले.

मास्तर पन्नाशीचे. काळा कोट, गुडघ्याशी धोतर, आणि एका खिशात शाईची बाटली, त्यामुळं तो खिसा कायमचा लाल. चौथीपर्यंतची शाळा एकट्यानं चालवायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. घरात दोन पातेली, एक घोंगडी आणि एकतीस वह्या होत्या. त्या एकतीस वह्यांत डोंगराच्या पोटातलं राज्य होतं. तिथले राजे, त्यांच्या वंशावळी, पिकं, न्यायनिवाडे, घोड्यांची नावं, आणि तीन डोळ्यांच्या एका घुबडाची पूर्ण हकीकत. घुबड तिथलं फडणीस होतं.

या राज्याचा एक कायदा गावातल्या शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना पाठ होता. राजानं एक हुकूम सोडला की त्याच्या मुकुटाचं वजन एका गव्हाच्या दाण्याएवढं वाढायचं. बडबड्या राजाची मान वर्षभरात लटकायची. शहाणा राजा हुकूम जपून वापरायचा. एका राजाला मान वाचवायची होती म्हणून त्यानं सात वर्षं तोंडच उघडलं नाही. त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त धान्य पिकलं, असं मास्तर सांगत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेजवळच्या उंबराखाली मास्तरांचा दरबार भरे. दरबार म्हणजे मास्तर एक पेच घालत आणि माणसं भांडत.

"राजाला तहान लागली," मास्तर म्हणाले. "तो राणीला म्हणाला, पाणी आण. मुकुट वाढला का?"

"वाढला," शिवाआबा म्हणाले. हे गावातले सगळ्यात जाणते शेतकरी. भाताच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि बाकी बाबतीतही तो शेवटचा असावा अशी त्यांची इच्छा. "हुकूम त्यो हुकूम."

"आबा, घरात पानी मागनं हुकूम व्हय?" मागून एक बाई म्हणाली. "मंग तुमची मान कवाच मोडाया पायजे हुती."

सगळे हसले. आबा चिडले. हा वाद तीन शनिवार चालला. शेवटी निकाल असा झाला की राजा उठून माठापर्यंत जाऊ शकत असताना त्यानं पाणी मागितलं तर तो हुकूम, आजारी असताना मागितलं तर विनंती. मास्तरांनी तो वहीत लिहिला आणि नेहमीप्रमाणं विचारलं, "यावर अपील आहे?"

हे त्यांचं पालुपद होतं. भाकरी करपली तरी तिच्याकडं बघून म्हणायचे, "अपील आहे?" आणि खायचे. मला ताप आला तेव्हा कपाळाला हात लावून हेच म्हणाले.

मला या सगळ्याचा मनापासून राग यायचा. लोक उपाशी आहेत, दबलेले आहेत, आणि हा माणूस त्यांना राजे, घुबडं आणि जादूचे मुकुट देतोय! माझ्या मते अद्भुत गोष्टी ही जनतेला पाजलेली अफू होती. मी एकदा त्यांना सुनावलंच, "मास्तर, गोष्टच रचायची तर राजा कशाला? लोकांचं राज्य रचा!"

"रचून पाहिलं," ते म्हणाले. "अकरावी वही. पण त्यात सगळेच बरोबर बोलायला लागले. कंटाळून मीच झोपलो."

"राजा दाखवला की लोकांच्या मनात राजाबद्दल भक्ती वाढते."

"उंबराखाली भक्ती दिसली का तुम्हांला, पत्रकराव?" हे माझं नाव त्यांनीच पाडलेलं. "राजा ठेवलाय तो प्रश्न विचारायला. कोणीतरी नको का ज्याला विचारता येईल?"

याचं उत्तर तोंडी देण्याजोगं नव्हतं. म्हणून मी एक पत्रक लिहिलं.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी मुलांना विचारलं, आपल्या राजाचं नाव काय? पहिल्या रांगेतला मुलगा उठून म्हणाला, "कुठल्या? वरच्या का आतल्या?" साहेबांना वरच्या आणि आतल्याचा अर्थ लागेना. मुलांनी तो उत्साहानं समजावून दिला, घुबडासकट. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहिलं की हिशेब व शुद्धलेखन उत्तम, परंतु मास्तरांची कल्पनाशक्ती शाळेच्या गरजेपेक्षा अधिक आहे. मास्तरांनी तो शेरा आपल्या एकतिसाव्या वहीत उतरवून घेतला. तिथं तो एका राजाच्या कबरीवर कोरलेला आहे.

आता मी तिथं कशासाठी गेलो होतो ते सांगतो. खोऱ्यात एक इनामदार होते. दसरा झाला, भातं पिवळी पडली की आसपासच्या वाड्यांतून घरटी एका माणसानं आठ दिवस त्यांच्या कुरणात गवत कापायचं, भारे वाहून त्यांच्या वाड्यावर टाकायचे. मोबदला काही नाही. याला 'देवीचा भारा' म्हणत. इनामदारांच्या कोणा पूर्वजाला देवीनं स्वप्नात येऊन हे सांगितलं होतं म्हणे. देवी गवत खात नसे. इनामदारांची घोडी खात.

आठ दिवसांचं काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण भात पिकलं की ते थांबत नाही. दोन दिवस उशीर झाला की लोंब्यांतून दाणे आपोआप गळायला लागतात. ज्या घरात चार माणसं त्यांचं निभावतं. ठकूबाईच्या घरात एकच माणूस होतं, ती स्वतः. नवरा गेलेला, ओढ्याकाठी भाताचं एक खाचर. आदल्या वर्षी ती आठ दिवस गवत कापून परत आली तेव्हा तिच्या खाचरातलं निम्मं भात जमिनीवर होतं. उरलेल्यावर तिनं वर्ष काढलं ते तिच्या गालांकडं बघून कळत होतं.

मी पत्रक काढलं. 'देवीचा भारा की इनामदाराचा?' पुण्याला छापून आणलं, घरोघर वाटलं, वाचूनही दाखवलं. आठवड्यानं शिवाआबांना विचारलं, "आबा, पत्रक वाचून घेतलंत ना?"

"व्हय तर. कागद झ्याक हाय. त्येच्यावर इडी येकदम पेटती."

"आणि मजकूर?"

"त्यो बी पेटला की."

सगळ्यांना पटत होतं, पण देवीच्या शापाला प्रत्येक जण भीत होता. कोणी भारा चुकवला आणि गोठ्यातलं जनावर गेलं तर? स्वप्नाविरुद्ध पत्रक चालत नाही, हे माझ्या कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला एका शनिवारी ठकूबाई लाकडाची मोळी घेऊन उंबराजवळून चालली होती. मोळी न उतरवताच तिनं विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या राज्यात राजाची घोडी हायेत न्हवं?"

"चारशे."

"मंग त्यास्नी गवात कोन कापतं? आन ज्या घरात येकच मानूस, त्यानं राजाचं कवा करावं आन आपलं कवा?"

मास्तरांनी वही मिटली. "हा प्रश्न मला सुचायला हवा होता," ते म्हणाले. "मोळी उतरव, बाई. बस."

त्या पेचावर झालेलं भांडण मी विसरणार नाही. राजाच्या बाजूनं बोलायलाही माणसं होती. घोडी उपाशी मेली तर शत्रू आत शिरेल, हा मुद्दा शिवाआबांनी फार जोरात लावून धरला. शेवटी ठकूबाईनंच तोडगा काढला. पहिला भारा राजानं स्वतःच्या डोक्यावर घ्यावा, म्हणजे भारा किती जड असतो ते त्याला कळेल. आणि ज्या घरात एकच माणूस, त्या घराचा भाराही राजानंच उचलावा. आबांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "न्याय हाय." अपील कोणी केलं नाही.

मी खोलीच्या दारात उभा राहून हे तुच्छतेनं ऐकत होतो. आणि एकदम मला ती कल्पना सुचली. तिच्या आठवणीनं आजही मला इतका घाम फुटतो की लिहिताना कागद ओला होतो.

स्वप्नाविरुद्ध पत्रक चालत नसेल, तर स्वप्नाविरुद्ध दुसरं स्वप्न चालेल. मी मास्तरांची वही त्यांना न विचारता घेतली, तो निवाडा उतरवला, डोंगराच्या पोटातल्या राजाला इनामदारांचा मूळपुरुष बनवलं, भाषा जुनाट केली आणि 'नुकतीच उपलब्ध झालेली एक प्राचीन बखर' म्हणून आठ पानांची पुस्तिका छापून आणली. मूळ कागद कुठं आहेत? ते छापून होताच वाळवीनं खाल्ले, असं मीच प्रस्तावनेत लिहिलं. सत्यासाठी तुरुंगात जायला तयार असलेला मी!

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण पुन्हा वाचताना मला ती बखर मिळमिळीत वाटली. शेवटी घाव हवा. पत्रकावर वाढलेल्या माणसाला शेवटी घाव नसला की जेवण पचत नाही. म्हणून मी पदरचा एक शाप जोडला. 'जो कोणी या रिवाजात खोटेपणा करील त्याच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या गोठ्यातील जनावर उठणार नाही. त्याजशी कोणी विस्तव-पाणी ठेवू नये.' डोळ्यांसमोर अर्थात इनामदार होते. शेजारी मी केवळ लयीसाठी घातला.

इनामदार रागावतील, माझ्यावर माणसं घालतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी मला जेवायला बोलावलं. आपला मूळपुरुष राजा होता आणि त्याला घुबडाचा फडणीस होता, यानं ते इतके खूष झाले होते की मला बोलू देईनात. "हा कागद आमच्याकडेही होता," ते पाहुण्यांना म्हणाले. "आमचे आजोबा दाखवायचे." मी तोंडातला घास गिळला. त्या दिवशी मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि एक शेला घेऊन आलो.

दसऱ्यानंतर इनामदारांनी खरोखर पहिला भारा डोक्यावर घेतला. चांगला वीस पावलं चालले. ठकूबाईचा भारा त्यांच्या गड्यानं उचलला. तिनं आपलं भात वेळेवर कापलं, आणि त्या वर्षी तिच्या अंगणात पेंढ्याची गंजी लागली. मी मंडळाला कळवलं की खोऱ्यात जुलमाचा पाया हादरला आहे!

मास्तरांपासून मात्र मी पुस्तिका लपवून ठेवली होती. कापणीनंतर ती हातात पडताच त्यांनी उभ्या उभ्या वाचली. मी चोरीबद्दल बोलणी खायची तयारी केली होती. ते शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हा शाप कोणाचा?"

"माझा."

"वाटलंच. माझ्याकडं शाप नाहीत. एकतीस वह्या झाल्या, मला कधी लागला नाही."

"पण मास्तर, काम झालं ना? ठकूबाईचं भात वाचलं!"

"वाचलं. चांगलं झालं." त्यांनी पुस्तिका मला परत दिली. "पत्रकराव, माझा राजा खोटा होता, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून त्याला कोणीही काहीही विचारायचं. बाई डोक्यावर मोळी घेऊन विचारायची. तुम्ही त्याला खरा केलात. आता त्याला विचारणार कोण?"

मला ते म्हाताऱ्या लेखकाचं रुसणं वाटलं. पण पुढच्या शनिवारी त्यांनी पेच घातला तेव्हा वाद सुरू होताच आबा म्हणाले, "थांबा, बखरीत काय लिवलंय ते बघा आदी." बखरीत त्यावर काही नव्हतं. मग कोणी काही बोलेना. आणखी दोन शनिवार मास्तर उंबराखाली एकटे बसले, मग बसायचे बंद झाले. माझी पत्रकं गावानं पेटवली होती. बखर मात्र घरोघरी देव्हाऱ्यात गेली, हळदकुंकू लावून. लेखक म्हणून मला इतका मान पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात जनावरांना रोग आला. शिवाआबांचा बैल गेला, आणखी दोन घरच्या गाई गेल्या. त्यातली एक गाय ठकूबाईच्या शेजारची. लोकांनी देव्हाऱ्यातून बखर काढली, पोरांकडून शेवटचं पान वाचून घेतलं. खोटेपणा. शेजाऱ्याचा गोठा. कोणी खोटेपणा केला?

मग कोणाला तरी आठवलं. आदल्या वर्षी भारा उचलायच्या दोन दिवस आधी ठकूबाईची धाकटी बहीण तिच्या घरी आली होती. नवऱ्यानं हाकलून दिलेली, तापानं फणफणलेली. महिनाभर ती उठून बसली नव्हती. पण घरात माणसं दोन होती, आणि भारा तर एका माणसाच्या घराचा म्हणून उचलला गेला होता.

बहीण अजून तिथंच होती. गावानं ठकूबाईला बजावलं, तिला घराबाहेर काढ आणि देवीपुढं नाक घास. तोपर्यंत ठकूबाईशी कोणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, आणि तिच्या पडकईला जायचं नाही. पडकई म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून काम करायची आमच्याकडची रीत. सगळा गाव आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पडकईशिवाय भात निघत नाही.

मी ठकूबाईकडं गेलो. ती दारात विळ्याला धार लावत होती. आत बहीण भिंतीला टेकून बसली होती, अंगात जीव नसल्यासारखी.

"काढू म्हंत्यात," ठकूबाई म्हणाली. "कुठं काढू? वढ्यात?"

"ठकूबाई, तो शाप मी लिहिला. खोटा आहे तो."

तिनं विळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दादा, तुमाला दुसरं काय काम न्हवतं का वो?"

मी आयुष्यात पुष्कळ टीका ऐकली आहे. इतकी मुद्देसूद कुठलीच नव्हती.

शनिवारी मी उंबराखाली लोकांना गोळा केलं आणि सगळं कबूल केलं. बखर खोटी, वाळवी खोटी, शाप माझा. कधी नव्हे ते मी उद्गारचिन्हांशिवाय बोललो. माझं बोलून झालं. मग शिवाआबा म्हणाले, "इनामदाराकडं जेवाया गेला हुतास न्हवं?"

"गेलो होतो."

"किती पोळ्या खाल्ल्यास?"

"पाच. पण त्याचा इथं काय..."

"आता त्येला भारा उचलायचा जीवावर आला, म्हून तुला खोटं बोलाया लावतोय. आमाला कळत न्हाई व्हय?" आबांचा आवाज कापत होता. बैल गेल्यापासून ते असेच बोलत. "शाप कुनी लिवतं व्हय रं? शाप लागतो. माजा बैल काय कागद वाचून मेला?"

लोक उठून गेले. मी वर्षभर ज्यांच्या डोक्यातून अंधश्रद्धा काढायला झटलो त्यांनी माझं एकच लिखाण मनापासून मानलं होतं, आणि ते मागं घ्यायचा अधिकार मला नव्हता.

मास्तर शाळेच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी बरं झालं असं म्हटलं नाही, तुझ्यामुळं झालं असंही म्हटलं नाही. म्हणाले, "दिवाळीची सुट्टी लागतेय. विळा धरलाय कधी?"

"नाही."

"मीपण फारसा नाही," मास्तर म्हणाले. "सोमवारी सकाळी या."

सोमवारी आम्ही ठकूबाईच्या खाचरात उतरलो. भात इतकं पिकलं होतं की वारा आला की दाण्यांचा आवाज येई. आणखी दोन दिवसांत सगळं जमिनीवर आलं असतं. खाचराच्या पलीकडच्या टोकाला ठकूबाई वाकून कापत होती. बहीण दोन मुठी कापून बसे, पुन्हा उठे. दोघींच्यानं ते आठवड्यातही होणार नव्हतं. आजूबाजूच्या खाचरांत सगळा गाव पडकईला लागला होता, आणि आमच्याकडं पाठ करून होता.

मास्तरांनी मला कापायचं कसं ते दाखवलं. बुंध्याशी नाही, वर लोंबीजवळ मूठ आवळायची. मग विळा लावून जोरात हिसका द्यायचा. मी तसंच केलं. मुठीत पेंढा आला आणि दाणे सरसर खाली पडले. मास्तरांनीही हिसका दिला. त्यांचेही पडले. माझा उत्साह मोठा होता. मी दुसरी मूठ धरली, तिसरी धरली. प्रत्येक हिसक्याला मूठभर भात मातीत जात होतं.

"अवो मास्तर!" लांबून ठकूबाई ओरडली. "अवो काय करताय! थांबा की!"

मास्तरांना ऐकू गेलं नसावं. ते मन लावून हिसके देत होते.

शेजारच्या खाचरात शिवाआबांचा विळा थांबला. ते सरळ उभे राहिले. आम्ही आणखी चार मुठी ओढल्या. आबा बांधापर्यंत आले. बोलायचं नाही असं गावानं ठरवलं होतं. पण शिव्या द्यायच्या नाहीत असं ठरवलं नव्हतं.

"आरं भडव्या, त्ये भात हाय का दाढी?" ते माझ्यावर गरजले. "बुडाला धर! बुडाला! आरं दानं गळत्यात, डोळं फुटलं का तुजं?"

मी घाबरून आणखी जोरात ओढलं.

"आरारारा!" आबांच्या तोंडून असा आवाज आला की जणू मी त्यांचं बोट कापलं. त्यांनी बांधावरून उडी मारली, माझ्या हातातला विळा हिसकावून घेतला आणि वाकले. तीन मुठी, चार मुठी, एक दाणा सांडला नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कोणाच्या खाचरात उभे आहोत. ते क्षणभर थबकले. कोणाकडंच न बघता म्हणाले, "आन्न हाय त्ये." आणि पुन्हा वाकले.

त्यांची कारभारीण आली ती नवऱ्याला परत न्यायला म्हणून आली. मास्तरांचं कापणं तिनं जवळून पाहिलं आणि त्यांच्या हातातला विळा काढून घेतला. मग तिची जाऊ आली. मग आणखी तिघं बांध ओलांडून आले, प्रत्येक जण आम्हांला एकेक शिवी देऊन. ऊन डोक्यावर येईपर्यंत आठ विळे चालत होते. ठकूबाई मधोमध कापत होती. मधूनच नाक ओढत होती. आबांनी तिच्या बहिणीला पहिल्यांदा हाक मारली ती, "ए पोरी, पानी आन," अशी. तिनं आणलं, आणि ते प्याले. त्यानंतर बहीण त्या घरातून कुठंच गेली नाही.

मला बांधावर बसवून ठेवलं होतं आणि कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद होती. चळवळीला माझ्याकडून झालेली ती सर्वांत मोठी मदत असावी.

पुढं काही वर्षांनी भोरच्या बाजारात मास्तरांचे धाकटे भाऊ भेटले. भोरच्या पश्चिमेला डोंगरात त्यांचं गाव, घरी पिढ्यान् पिढ्या भातशेती. मी त्यांना ती कापणी रंगवून सांगितली. मास्तरांना विळा कसा धरता येत नव्हता, ते हिसके, ते गळणारे दाणे. ते हसले नाहीत.

"आमच्या दादाला?" ते म्हणाले. "इळा धराया येईना? आवो, पैजंनं कापायचा त्यो. मास्तर व्हायच्या आदी आमच्या गावात त्येच्या हाताखालचं भात येक दाना सांडत न्हवतं."

बाजारात उभ्या उभ्या मला ती संध्याकाळ आठवली.

त्या सोमवारी संध्याकाळी सगळे भारे उचलून झाल्यावर माणसं घरी गेली, तेव्हा मास्तर खाचराच्या आमच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी उलटी धरली होती, आणि मातीत पडलेला एकेक दाणा वेचून तीत टाकत होते. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा, असं मनाशी म्हणून मी हसलो, आणि जनतेच्या विवेकाचा विजय झाला यावर पत्रक लिहायला खोलीवर निघून गेलो.